चौथा मॉनिटर

शेखर, बाबा,

हे तुझ्या हातात देणार नाही, कारण दिलं तरी तू वाचणार नाहीस. 'ठेवा काकू, चष्मा घरी राहिला' म्हणशील आणि दुकानातल्या त्या फळीवर टाकशील, जिथे लोकांचे रिमोट वर्षानुवर्षं धूळ खात पडले आहेत. म्हणून माझ्यापुरतं लिहून काढते. तुझ्या बाजूचं असेल तेही लिहीन आणि नसेल तेही. तू पक्का कारागीर आहेस हे मी राजापेठेत दहा घरी सांगितलं असेल. तू हेकट आहेस हे मात्र फक्त तुझ्या आईला सांगितलं, आणि तिला ते माझ्याआधी ठाऊक होतं. माझ्या घरातून एक वस्तू तुझ्याकडे गेली, तुझ्याकडून ती पुढे जायची होती. त्या वस्तूपायी हा सगळा खटाटोप.

तेव्हा जरा बाजूला बस. गोष्ट तुझीच आहे, पण तुला बाजूला बसवल्याशिवाय ती सरळ सांगता येणार नाही.

शेखरचं दुकान अमरावतीच्या राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. वर पोरांच्या चपलांचा धबडगा, खाली टीव्ही आणि मॉनिटर पोट उघडून पडलेले. डबा टीव्हीच्या काळात तो टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवायचा, ताप बघावा तसा, आणि डोळे मिटून सांगायचा काय गेलंय ते. चपटे पडदे आले तेव्हा बरेच मेकॅनिक मोबाईलचे कव्हर विकायला लागले. शेखरने तसं केलं नाही. भंगारातून पडदे आणून फोडले, जोडले, पुन्हा फोडले, आणि कोणी न शिकवता शिकला. याचा त्याला अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

खोट एकच. आपण शिकलो ते दुसऱ्यालाही येतं, हे त्याला सोसत नसे. एखाद्या गिऱ्हाइकाने 'मोबाईलवर पाहून मीच दुरुस्त केलं' असं सहज सांगितलं, तरी त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. त्याची आई पार्बताबाई म्हणायची, "दुसऱ्याच्या घरचा दिवा लागला की याच्या डोळ्यात धूर जाते."

महिन्यातून एकदा तो सुटे भाग आणायला अकोल्याला जायचा. तिथेच ते नाव पहिल्यांदा त्याच्या कानावर पडलं. भागांच्या दुकानदाराने एक पॅनल उचलून मागे ठेवलं आणि म्हणाला, हे वर्षालीसाठी आहे. शेखरने विचारलं, कोण वर्षाली? बाळापूरकडची, भाजीवाल्या घरची पोरगी. डिप्लोमा केला आणि जठारपेठेत दुकान टाकलं. पडदे बसवते, दुरुस्त करते. शेखर म्हणाला, टिकते का पाहू. पुढच्या महिन्यात त्याच दुकानदाराने एका बिघाडाबद्दल त्याचं मत विचारलं. शेखरने सांगितलं. दुकानदार खूश होऊन म्हणाला, वर्षालीनंही अगदी हेच सांगतलं.

बडनेरा येईपर्यंत ते वाक्य त्याला रुतत राहिलं. ती चुकली असती तर त्याने तिला माफ केलं असतं.

मग वरच्या क्लासने सहा मोठे पडदे लावायचे ठरवले आणि अकोल्याहून वर्षालीला बोलावलं. बरं, शेखर त्यांच्या जिन्याखालीच! ती दोन दिवस शिडीवर होती. शेखर समोरच्या चहाच्या गाडीवर उभा राहून तिने किती ठिकाणी केबल बांधली ते मोजत होता. चहावाल्याला त्याने सांगितलं, की भिंतीतून नेलेली केबल उंदीर खाईल. उंदरांनी ती खाल्ली नाही. नंतरचे कित्येक महिने रोज सकाळी शटर उघडण्याआधी हा माणूस जिना चढून क्लासच्या काचेतून आत बघून यायचा, एखादा पडदा काळा पडलाय का. शिपायाने एकदा विचारलं, भाऊ, पोराची ॲडमिशन आहे का? तेव्हापासून तो जिन्याच्या अर्ध्यातूनच मान उंच करायचा.

या सगळ्यात शेखरला हवं होतं ते एकच. पडदा म्हटला की अमरावतीत लोकांच्या तोंडी पहिलं नाव त्याचं यावं. ते निसटतंय असं त्याला वाटत होतं, आणि तेवढ्यात वरूडचं काम आलं.

वरूडचे वामनराव म्हणजे संत्र्यांच्या बागांचे मालक. त्यांची बायको रुख्मिणी माझी होस्टेलातली मैत्रीण. त्यांची नात आचल मुंबईला गेली होती आणि तिला एका मालिकेत काम मिळालं होतं. ही मालिका टीव्हीवर लागत नाही, पैसे भरून ॲपवरच बघायची. काम छोटं, नर्सचं, दुसऱ्या भागात चार वाक्यं. पण वामनरावांनी ठरवलं, की साऱ्या गावाला बोलवायचं, संत्री भरायच्या शेडमध्ये रोडग्यांचं जेवण घालायचं आणि नातीला मोठ्या पडद्यावर दाखवायचं. पडद्याचं काम कोणाला द्यायचं, असं रुख्मिणीने मला विचारलं. मी शेखरचं नाव सांगितलं.

वामनराव स्वतः दुकानात आले आणि चूलबंद आवतन देऊन गेले. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, घरातल्या झाडून साऱ्यांनी यायचं. एकट्या माणसाला बोलावणं वेगळं आणि हे वेगळं. कामाला बोलावलेल्या माणसाला असं आवतन कोणी देत नाही. शेखर त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आईला पेढे घेऊन गेला.

त्याने जे योजलं ते खरंच देखणं होतं. शेडमध्ये चार बाजूंना चार पंगती बसणार, एका पडद्याने तिथे कोणाचंच भागलं नसतं. म्हणून चार मॉनिटर, प्रत्येक पंगतीला एक, आणि मधे एका केबलच्या चार करणारा डबा. तीन मॉनिटर नवे होते. चौथा आमच्या घरचा, वीस वर्षांपूर्वीचा. बंद पडला म्हणून मी तो शेखरला देऊन टाकला होता आणि त्याने उघडलेला तो पहिला चपटा पडदा. त्यावरच तो शिकला. त्याच्या जुन्या खाचेला जोड लावून त्याने तो नव्या केबलवर चढवला आणि बायकांच्या पंगतीला ठेवायचं ठरवलं, कारण त्याचे रंग मऊ आहेत असं त्याचं मत. दुकानात चारही लावून पेन ड्राइव्हवरची एक लग्नाची फिल्म तासभर चालवून पाहिली. कुठे अडखळली नाही. ॲपवरचं काहीच चालवून पाहिलं नाही. चित्र म्हणजे चित्र, लग्नाचं काय आणि मालिकेचं काय, हा त्याचा हिशेब. तिथेच घोडं पेंड खाणार होतं.

मार्गशीर्षातला रविवार होता. शेडमध्ये क्रेटच्या थप्प्या भिंतीला लावलेल्या, बाहेर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे, कणकेचे ते जाड गोळे, भाजत होते. आम्ही शेखरच्या गाडीतून गेलो, तो, पार्बताबाई आणि मी. तो तारा ओढत होता, इतक्यात बायकांच्या घोळक्यात त्याला वर्षाली दिसली. साडी खोचून वांगी चिरत बसली होती. तिची आजी वामनरावांची बहीण. म्हणजे तिलाही चूलबंद आवतन होतं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, जन्मापासून. शेखरच्या हातातली तार तिथेच थांबली. वर्षालीने लांबून नमस्कार केला आणि पुन्हा वांग्यांकडे वळली. तिने पडद्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याने त्याचा अर्थ लावला, की बघण्यासारखं काही नाही असं तिला वाटतंय.

जेवणं झाली. पंगती तिथल्या तिथेच बसून राहिल्या. शेखरने नेटवरून ॲप चालवणारी स्टिक मधल्या डब्याला लावली. चारही पडद्यांवर मालिकांची छोटी छोटी चित्रं झळकली, त्यात आचलची मालिका सापडली, टाळ्या पडल्या. त्याने बटण दाबलं आणि चारही पडदे काळेकुट्ट.

स्पीकरमधून गाणं मात्र वाजत होतं. लोकांना वाटलं, सुरुवातच अशी असेल. पुरतं मिनिटभर सगळं गाव त्या काळोखाकडे बघत होतं. रुख्मिणी मला म्हणाली, रात्रीचं दाखवत असतीन. मग काळ्या पडद्यातून आचलचा आवाज आला, 'डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय,' आणि शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. हमालांच्या पंगतीतून कोणी तरी म्हणालं, आवाज तर वळखला, आता तोंडही दाखव ना भाऊ.

शेखरने केबल बदलली. काही नाही. पुन्हा मालिकांच्या यादीवर आला, चित्रं दिसली. मालिका लावली, पुन्हा काळं. तेवढ्यात वर्षाली पाण्याचा गिलास घेऊन त्याच्यापाशी आली. निमित्त पाण्याचं. खाली वाकून हळूच म्हणाली, "दादा, तो चौथा काढून पाहा. बाकीचे तिन्ही लागतीन."

शेखर तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाणी नको मले."

ती गिलास तिथेच ठेवून परत गेली.

आता खरं सांगायचं तर तिचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, असं अजिबात नाही. ऐकल्याबरोबर पटलं. काहून, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण कारागिराच्या हाताला डोक्याच्या आधी कळतं. त्याचा हात त्या चौथ्या केबलकडे गेलासुद्धा. मग त्याने मान वर केली, ती आपल्याकडेच बघते आहे असं त्याला दिसलं आणि हात मागे आला. त्यापुढची पंचवीस मिनिटं त्याने ती एक गोष्ट सोडून दुसरं सारं केलं. स्पीकर बदलला, स्टिक काढून पुसली, एका नव्याकोऱ्या मॉनिटरची पाठ उघडली. शेवटी उभा राहून जाहीर केलं, की वरूडचं नेटच असं आहे. वामनरावांच्या पुतण्याने तीच मालिका मोबाईलवर लावून दाखवली. झकास चालत होती.

तोवर फाटकात ट्रक येऊन उभा राहिला होता. संत्री भरायला येणाऱ्या बायकांपैकी आठ-दहा जणी उठून गेल्या. आचल त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली, आणि त्यांनी तिला बघितलंच नाही. ही शेखरची चूक आहे आणि ती मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

वामनरावांनी शेवटी हाक मारली. "वर्षाली, तू अकोल्याले हेच करतं ना? पाह्य बरं बाई."

ती उठली. हात पदराला पुसला, चौथ्या मॉनिटरची केबल डब्यातून काढली. तिन्ही पडद्यांवर एकदम उजेड पडला.

वामनरावांनी विचारलं, काय झालतं? ती त्यांना समजावत होती तसे सगळेच ऐकत होते, शेखर सगळ्यात जास्त.

"आबा, हे जे पैसे देऊन पाहाचं असते ना, ते कुलूप लावून येते. मधातच कोणी उतरवून घेऊ नये म्हणून. चित्र निघायच्या आंधी पडद्याले इचारते, तुले आवतन हाय का? पडदा आपली खूण सांगते. खूण पटली तरच चित्र येते. याले एचडीसीपी म्हणतेत. हा मॉनिटर लय जुना, तवा हे खुणेचं लफडंच याच्यात नव्हतं. त्याले इचारलं तर तो मुकाच. आन् मधातला हा डबा असा हाय, की एकाची खूण पटली नाही तर कोणालेच वाढत नाही."

"लग्नाची फिल्म मंग कशी चालली?" हे शेखरने विचारलं.

"ते घरचं होतं, दादा. घरच्याले कुलूप नसते."

वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे बिनआवतनाचा एक बसला म्हणून अख्खी पंगत उठवली. हे कोण्या गावचं वळण आहे बापा? आमच्यात त्याले आधी वाढतेत." शेड हसली. मग त्यांनी सहज विचारलं, "पण तुले आंधी नाही समजलं, इतक्या वेळ?"

वर्षाली केबलची गुंडाळी करत होती. तिने मान वर केली नाही. "नाही ना आबा. दादा एकेक करत तिथंच येऊन राहिले होते. मले आताच उमगलं."

मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. बायकांच्या बाजूचा पडदा गेला होता, म्हणून उरलेल्या बायका सरळ म्हाताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसल्या आणि रुख्मिणी वामनरावांच्या खुर्चीत. आचलची चार वाक्यं तीन वेळा बघून झाली. शेखर एका क्रेटवर बसून होता. लोक त्याच्यावर हसले नाहीत. उलट एकाने त्याची पाठ थोपटली, मेहनत केली म्हणे बिचाऱ्याने.

निघताना वर्षाली त्याच्याकडे आली. तो जुना मॉनिटर मला द्याल का, असं तिने विचारलं. अकोल्यात आता असा मिळत नाही, सगळे भंगारात गेले. पडदा काळा पडतो अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की असा बिनखुणेचा एक जवळ लागतो. दोन्हींवर लावून बघितलं की दोष कुलुपाचा का पडद्याचा ते लगेच कळतं. बदल्यात काय द्यायचं ते द्या म्हणाली. शेखरला वाटलं, चिडवते आहे. मी मधे पडले. "वस्तू मूळची माझी आहे. शेखर, पुढल्या खेपेला अकोल्याला जाशील तेव्हा हिच्याकडे पोचव," मी म्हटलं. तिचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात घातला. तो म्हणाला, "हो काकू. पुढच्या सोमवारी."

परतताना मोर्शी आली. मागे पार्बताबाईंना झोप लागली होती. मग समोर बघतच तो म्हणाला, "तिनं खोटं काहून सांगतलं?"

मी म्हटलं, "तुझी लाज राखली तिने."

"मी मागतली होती काय?"

गाडी खड्ड्यातून जात होती.

सोमवार आला. शेखर अकोल्याला गेला, मॉनिटर गाडीत ठेवायचा विसरला. पुढच्या महिन्यात पाऊस येईल असं वाटलं, पौष महिना होता. मधल्या काळात त्याने या कुलुपाचा पूर्ण अभ्यास केला, हेही सांगायला हवं. कोणत्या सालानंतरचे मॉनिटर खूण सांगतात, कोणता डबा एकाला अडवतो आणि कोणता सगळ्यांना, हे आता तो पाठ म्हणतो. फाल्गुनात शेजारच्या गल्लीतले एक मास्तर काळा पडणारा पडदा घेऊन आले. शेखरने फडक्यात बांधून ठेवलेला तो जुना मॉनिटर सोडला, शेजारी लावला, दोन मिनिटांत दोष सांगितला आणि वर समजावलंसुद्धा, "सर, चित्र आंधी इचारते, तुले आवतन हाय का?"

मी दाराशीच उभी होते, रिमोटचे सेल घ्यायला. शब्दन् शब्द तिचा. मालिकेला कुलूप लावणारे कोणी तरी आहेत. बाळापूरच्या पोरीच्या बोलण्याला कोण लावणार? शेखरने मला पाहिलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्याने मॉनिटर पुन्हा फडक्यात बांधला. आता अधूनमधून तो सुटतो आणि अधूनमधून बांधला जातो. वरच्या क्लासमध्येसुद्धा परवा एक पडदा काळा पडला. त्यांनी अकोल्याला फोन न करता खाली हाक मारली. शेखर जिना चढला, नीट करून आला. मी विचारलं, आता तरी झालं ना समाधान? तो म्हणाला, "बसवलं तिनंच चांगलं होतं, काकू. पोरानं केबल ओढली होती." हे बोलताना दाढ दुखावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

तर आता तुला समोर बसवून सांगते, शेखर. मागच्या खेपेला तू मॉनिटर गाडीत ठेवलास, ते मी खिडकीतून बघितलं. संध्याकाळी परत आलास आणि म्हणालास, तिचं दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. दादाची गाडी समोर उभी होती, म्हणाली, चांगली दहा मिनिटं. ती शिडीवर होती, खाली उतरेपर्यंत गाडी निघून गेली. तिने विचारलं, दादा कशासाठी आले होते? मी म्हटलं, असंच कामाने आला असेल. म्हणजे तुझ्यापायी आता मीही खोटं बोलले, आणि मला ते जमत नाही.

मॉनिटर तुझ्या टेबलाखाली आहे, फडक्यात, सुतळीने बांधलेला. पत्त्याची चिठ्ठी सुतळीत खोचलेली आहे, अक्षर माझं. काल सेल बदलायला आले तेव्हा बघितलं, तू सुतळीला दुसरी गाठ मारली आहेस.